बिळातली मादी, नाल्याकडचा नर

एका सोमवारी संचालकांनी मला बोलावलं. त्यांच्या टेबलावर परदेशातून आलेलं एक पत्र होतं. त्यांनी विचारलं, "मैडम, गलती लैब में हुई है या फील्ड में?" मी म्हणाले, "फील्ड में." त्यांनी ते लिहून द्यायला सांगितलं. मी एक वाक्य लिहून दिलं. दुपारी ते टाइप होऊन आलं. मी सही केली.

त्या वाक्यात छेदीलाल यांचं नाव होतं.

दिवाळी अंकासाठी तुमच्या कोळ्यांच्या गमतीजमती लिहून पाठवा, असं संपादकांनी कळवलं तेव्हा मी लगेच होकार दिला. गमती पुष्कळ आहेत. पण लिहायला बसले की दुसऱ्याच परिच्छेदात छेदीलाल येऊन उभे राहायचे आणि माझं पेन थांबायचं. असे चार कागद फाडले. गेल्या वर्षी हे, माझे यजमान, गेले. त्या सोमवारी नेमकं काय घडलं, ते तेव्हा माझ्याखेरीज यांनाच ठाऊक होतं. आता मी लिहिलं नाही तर ते घडलंच नव्हतं, असं होईल.

माझं काम काय होतं, ते आधी सांगते. लखनौच्या एका संशोधन संस्थेत मी कोळ्यांच्या जाती ओळखण्याचं काम करत असे. जाळी विणणारे कोळी सगळ्यांना माहीत असतात. माझे कोळी जमिनीवरचे. ते जाळं लावून वाट बघत नाहीत. गवतातून पळत जाऊन भक्ष्य धरतात, नाहीतर जमिनीत बोटभर रुंदीचं बीळ करून त्याच्या तोंडाशी बसून राहतात. कानपूरच्या रस्त्याला अमौसीच्या आसपास तेव्हा नजर पोचेल तिथवर ऊसर होतं. ऊसर म्हणजे खारवट जमीन. उन्हाळ्यात तिच्यावर पांढरी रेह, म्हणजे खाराची पूड, फुटते, पावसानंतर गुडघाभर गवत येतं, आणि झाड म्हणाल तर लांब लांब एखादी बाभूळ. शेतकऱ्याच्या हिशेबी ती वाया गेलेली जमीन. माझी सगळी नोकरी त्या वाया गेलेल्या जमिनीवर चालली.

पण मी तिथे क्वचित जाई. लग्न होऊन सांगलीहून लखनौला आले, हे रेल्वेत इंजिनिअर, मानक नगरला क्वार्टर. एक मुलगी, तीही लहान. डॉक्टरेट हातात होती म्हणून नोकरी मिळाली. उन्हातान्हात ऊसर तुडवायला कोणी सांगत नव्हतं आणि मलाही ती हौस नव्हती. माझी जागा सूक्ष्मदर्शकासमोरची. उसरातून नमुने आणायचे छेदीलाल यांनी.

ते आमचे लॅब अटेंडंट. माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठे, अमौसीच्या मागच्या एका गावचे, शाळा पाचवीपर्यंत. रोज सायकलवरून येत. हँडलला पिशवी, पिशवीत काचेच्या नळ्या, आणि टोपीत खोचलेल्या गवताच्या दोन-तीन काड्या. या काड्या हेच त्यांचं हत्यार. बिळातला कोळी खणून काढू नये. बीळ ढासळतं आणि आतला जीव चिरडतो. छेदीलाल गवताची काडी टोकाला चावून मऊ करीत, हळूच बिळात सोडत आणि अंगठ्यात आणि बोटात धरून किंचित हलवत राहत. आतल्या मादीला वाटायचं, कोणी किडा आला. ती काडीचा चावा घेई आणि सोडत नसे. मग काडी वर येई आणि काडीबरोबर ती. कॅन्टीनमधला महाराज, म्हणजे आचारी, त्यांना नेहमी चिडवायचा, "नाम भी छेदीलाल, काम भी छेद का!" छेदीलाल चहाचा घोट घेऊन शांतपणे म्हणत, "तुम भी तो महाराज कहलाते हो। राज कहाँ है, दिखाओ।"

लखनौत लहान मुलालासुद्धा 'आप' म्हणतात. मी सांगलीकडची, माझ्या हिंदीत सगळ्यांना 'तुम'. वर्ष-दोन वर्षांत बाकीच्यांसाठी मी 'आप' शिकले. अटेंडंटसाठी शिकायची गरज वाटली नाही. छेदीलालनी ते कधी मनाला लावून घेतलं नाही. दुसऱ्या कोणी टोकलं तर म्हणत, "बहनजी दक्खिन की हैं, उधर का तुम इधर के आप बराबर है।" मराठीत बोलताना मी त्यांचा उल्लेख 'तो' असा करायची. आज लिहिताना 'ते' लिहिते आहे. हा मान त्यांना उशिरा मिळतो आहे, हे मला समजतं.

गंमत म्हणून सांगते. एकदा चारबागच्या एका हॉटेलचे मालक धापा टाकत संस्थेत आले. हातात लोणच्याची बरणी, तोंडाला फडकं बांधलेलं, आत तळहाताएवढा कोळी. एका पाहुण्याच्या उशाशी सापडला होता आणि पाहुण्याने हॉटेल डोक्यावर घेतलं होतं. मालकांना संस्थेचा दाखला हवा होता, की हा विषारी नाही. मी पुस्तक काढलं. मी पानं उलटते आहे तोवर छेदीलालनी फडकं सोडलं, कोळी मनगटावर घेतला आणि मालकांच्या नाकासमोर धरला. "साहब, यह तो तिलचट्टे खाता है। इसे निकाल देंगे तो मेहमान के सिरहाने तिलचट्टे निकलेंगे।" मालक दोन पावलं मागे सरले आणि म्हणाले, "भैया, लिख के दे दो, बस।" मी पुस्तकात बघून लिहून दिलं. उत्तर तेच होतं: बिनविषारी, झुरळं खाणारा.

दुसरा प्रसंग विमानतळाजवळचा. जमिनीवर पळणारे कोळी धरायला जमिनीत भांडी पुरायची असतात, तोंड जमिनीच्या बरोबरीने, आत थोडं औषधी पाणी. कोळी धावता धावता आत पडतो. आम्ही मागवलेली भांडी काही वर्षं आलीच नाहीत, तेव्हा छेदीलालनी चहाच्या दुकानातले मातीचे कुल्हड आणले, आतून मेण लावलं आणि अमौसीच्या कुंपणाबाहेर रांगेत पुरले. तिसऱ्या दिवशी पहाऱ्यावरच्या जवानाने त्यांना धरलं.

"क्या गाड़ रहे हो?"

"कुल्हड़, हुज़ूर।"

"कुल्हड़ में क्या है?"

"अभी तो कुछ नहीं। कल सुबह देखिएगा।"

त्यांना सोडवायला मला तिथे जावं लागलं. मी अधिकाऱ्याला कोळ्यांचं शास्त्र समजावत होते आणि मागे बाकावर बसून छेदीलाल त्याच जवानाला बीळ कसं ओळखायचं ते शिकवत होते. परत येताना जवानाने त्यांना हात केला, मला नाही.

आता त्या कोळ्याकडे येते.

त्या उसरात बिळात राहणारी एक मादी होती, मातकट रंगाची, पोटाखाली काळा डाग. छेदीलाल तिला चौकीदारिन म्हणत, कारण ती दिवसभर दाराशी बसलेली असे. अंडी घातल्यावर ती त्यांची रेशमी गोळी मागे चिकटवून हिंडते. सकाळी ऊन आलं की ती बिळात डोकं खाली करून उलटी होते आणि गोळी वर उन्हाला धरते. सावली सरकली की गोळी फिरवते. पिल्लं बाहेर आली की सगळी तिच्या पाठीवर चढतात. छेदीलालनी हे सगळं मातीवर पालथं पडून तासन् तास पाहिलं होतं. मी ते त्यांच्याकडून ऐकून माझ्या वहीत लिहून घेतलं आणि पुढे माझ्या लेखात घातलं. 'निरीक्षणावरून असं दिसतं', असं लिहिलं. निरीक्षण कोणाचं, ते लिहिलं नाही.

मादी नवी जात आहे, हे मला पहिल्या दहा मिनिटांत कळलं. कोळ्याची जात रंगावरून ओळखत नाहीत. नराच्या आणि मादीच्या जननेंद्रियांचा आकार बघतात; कुलूप आणि किल्ली असतात तसे ते जातीजातीत वेगळे असतात. अडचण अशी, की जोडपं एकत्र क्वचित सापडतं. मादी बिळात, नर कुठेतरी भटकत. त्यामुळे अमुक नर तमुक मादीचा, हे आम्ही टेबलावर बसून ठरवतो. पत्रिका जुळवण्यासारखंच ते. रंग जुळतो का, अंगकाठी जुळते का, एकाच गावचे आहेत का. मादीबरोबर नराचंही वर्णन असलं की काम पुरं समजलं जातं. मादी एकटी असली की ते अर्धं.

छेदीलालच्या कुल्हडांतून मला एक नर मिळाला. तसाच मातकट, पोटाखाली तसाच डाग. मी खूश झाले. मी त्यांना नळी दाखवून म्हणाले, "मिल गया तुम्हारी चौकीदारिन का दूल्हा."

त्यांनी नळी उजेडात धरली. बराच वेळ बघितलं.

"नहीं बहनजी। यह वह नहीं है।"

"क्यों? निशान देखो."

"निशान है। पर यह नाले की तरफ का है। गीली मिट्टी में दौड़ता है। ऊसर पर कभी चढ़ता नहीं। इसकी अपनी मादा वहीं नाले में है, बिल नहीं बनाती।"

"और चौकीदारिन का नर कहाँ है फिर?"

"है। क्वार में निकलता है, दस-बारह दिन। पतला है, टाँगें लंबी। हम दो बार देखे, हाथ नहीं आया। इस क्वार में पकड़ देंगे, बहनजी। रुक जाइए।"

क्वार म्हणजे आपला आश्विन. तेव्हा चैत्र चालू होता. सहा महिने थांबायचं होतं. सहाच महिने. पण त्या उन्हाळ्यात माझ्या कामाचं मूल्यमापन होणार होतं. मला पुरी जात हवी होती, अर्धी नाही. आणि खरं सांगायचं तर पाचवी शिकलेल्या माणसाने सूक्ष्मदर्शकाशिवाय, नुसत्या डोळ्यांनी बघून, माझ्या टेबलावरचं लग्न मोडावं, हे मला आवडलं नाही. मी म्हणाले, "ठीक है, देखेंगे." आणि नळी घेतली.

यानंतर मी जे केलं ते आमच्या धंद्यातलीच माणसं करू शकतात, म्हणून समजावून सांगते. प्रत्येक नळीत नमुन्याबरोबर एक चिठ्ठी असते. ती बाहेर चिकटवत नाहीत, आत टाकतात, कारण बाहेरची पडते. शाईने लिहीत नाहीत, कारण स्पिरिटमध्ये शाई विरघळते, पेन्सिलने लिहितात. कुठे सापडला, कशात सापडला, कोणी धरला. छेदीलाल हिंदीत लिहीत, जाड्या अक्षरात. मादीच्या नळीत होतं, 'ऊसर, बिल में से, सींक से।' नराच्या नळीत होतं, 'नाले की तरफ, गीली मिट्टी, कुल्हड़।' दोन्हींखाली त्यांचं नाव. नियम असा की मूळ चिठ्ठी कधीच काढायची नाही. नवी लिहिली तरी जुनी आत राहू द्यायची.

नमुने बाहेरच्या संग्रहालयात जायचे होते. ती ओबडधोबड अक्षरं तिथे बरी दिसणार नाहीत, असं मला वाटलं. मी चिठ्ठ्या काढल्या आणि सुबक इंग्रजीत नव्या लिहिल्या. दोन्हींवर एकच मजकूर: अमौसी, गवताळ जमीन. नाला गेला, बीळ गेलं, काडी गेली. छेदीलालही गेले, संकलक म्हणून मी संस्थेचं नाव घातलं. जुन्या चिठ्ठ्या टाकवल्या नाहीत म्हणून काड्यापेटीत घालून खणात ठेवल्या. नव्या चिठ्ठ्यांत दोघांचा पत्ता एक झाला. लग्न लागलं. लेख छापून आला. गावाच्या नावावरून मी त्या जातीला नाव दिलं. घरी श्रीखंड केलं. दुसऱ्या दिवशी संस्थेत पेढे वाटले. छेदीलालनी पेढा कपाळाला लावून तोंडात टाकला आणि म्हणाले, "बधाई हो बहनजी।" नराबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. त्या आश्विनात ते नर शोधायला गेले नाहीत, कारण मी पाठवलं नाही. छापून झालेल्या गोष्टीचा दुसरा नर मला नको होता.

दोन वर्षांनी ते पत्र आलं. एका परदेशी तज्ज्ञाने नमुने मागवून तपासले होते. भाषा सभ्य होती. मादी नवी आहे, अभिनंदन. नर मात्र दुसऱ्याच, आधीपासून माहीत असलेल्या जातीचा आहे, जी पाण्याच्या कडेला राहते. हे दोन नमुने एकाच जागेचे आहेत याची खात्री आहे का?

पत्र माझ्याकडे येऊन मगच संचालकांकडे गेलं होतं. म्हणजे सोमवारी त्यांनी बोलावण्याआधी माझ्याकडे शनिवार होता, रविवार होता. शनिवारी मी खण उघडला, काड्यापेटी काढली, चिठ्ठ्या वाचल्या. 'नाले की तरफ।' पुन्हा पेटीत घातल्या आणि खण लावला. हे मी मुद्दाम लिहिते. मला माहीत नव्हतं, असं नव्हतं.

संचालक वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त उत्तर द्यायचं होतं आणि प्रश्नाला त्यांनी दोनच कप्पे केले, लॅब आणि फील्ड. लॅबमध्ये मी होते. फील्डमध्ये कोण होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. मी लिहिलं, 'क्षेत्रीय कर्मचारी छेदीलाल यांच्या हातून दोन वेगळ्या ठिकाणचे नमुने एकत्र झाल्याने ही चूक घडली.' वाक्य इंग्रजीत होतं आणि व्याकरणात निर्दोष होतं.

संध्याकाळी घरी आल्यावर मी यांना सगळं सांगितलं. हे चपला काढत होते, ते तसेच थांबले.

"अगं, पण चिठ्ठ्या तर तुझ्याकडे आहेत ना?"

"आहेत."

"मग उद्या सकाळी जा आणि कागद परत माग. कारकुनाने अजून फाइलला लावलासुद्धा नसेल."

"बघते."

 यांनी कधीच पुन्हा विषय काढला नाही, आणि मी दर वर्षी वाट बघत राहिले की काढतील.

मला वाटलं होतं, वाक्य पत्राच्या उत्तरात जाईल आणि संपेल. त्याची एक प्रत छेदीलालच्या सेवापुस्तकाला लागली. त्या वर्षी फील्ड असिस्टंटची जागा निघाली होती. तेरा वर्षं ते काम ते करतच होते. फक्त त्या नावाने करायचं बाकी होतं. जागा दुसऱ्याला मिळाली आणि छेदीलालना काचसामानाच्या कोठीत पाठवलं. बाटल्या धुवायच्या, मोजायच्या, कपाटात लावायच्या. खिडकी नसलेली खोली. उसराशी त्यांचा आता काही संबंध उरला नाही.

आठवड्याने ते माझ्या टेबलापाशी आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. टोपी हातात होती, तिच्यात काड्या नव्हत्या.

"बहनजी, बड़े बाबू बता रहे थे, हमसे दो शीशी आपस में मिल गई थी।"

मी सूक्ष्मदर्शकाची काच पुसत राहिले.

"हम बहुत सोचे। हमको तो याद नहीं पड़ता। हम तो नाले वाला झोला अलग रखते थे।" त्यांनी टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "पर आपने लिखा है तो हुआ होगा। आप दूरबीन से देखती हैं। हमारी आँख का क्या भरोसा। आपका नाम खराब हुआ, हमारी वजह से। माफ कर दीजिए।"

खण माझ्या उजव्या हाताशी होता. काड्यापेटी खणात होती. हात नुसता लांबवायचा होता.

मी म्हणाले, "कोई बात नहीं, छेदीलालजी. जाने दीजिए."

त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांना 'जी' लावलं. त्यांनी हात जोडले आणि गेले. वाक्य लिहिलं ते भीतीने, असं मी स्वतःला सांगू शकते. भीतीने माणूस लिहून जातो. पण त्या दिवशी कोणी मला घाबरवत नव्हतं. समोरचा माणूस माझ्या चुकीची माफी मागत होता आणि मी ती दिली.

नवीन असिस्टंट फावडं घेऊन उसरात जायचा. बिळं ढासळायची, आणलेल्या माद्यांचे पाय तुटलेले असायचे. मी त्याला काडीबद्दल सांगून पाहिलं. काडी कशी हलवायची, ते मला स्वतःलाच येत नव्हतं. एकदा तो म्हणाला, "मैडम, छेदी चाचा से सीख लूँ?" मी म्हणाले, कोठीचं काम अडेल. छेदीलाल कोठीतून त्याला काय शिकवतील याची भीती नव्हती. काय सांगतील याची होती. ते काहीच सांगणार नाहीत, हे मला कळायला हवं होतं. त्यांनी माझं वाक्य खरं मानलं होतं. कोठीत नवीन माणूस आला की ते त्याला बजावत, "बेटा, शीशी पर ध्यान रखो। एक बार हमसे मिल गई थी।" हे मी व्हरांड्यातून जाताना माझ्या कानांनी ऐकलं, एकदा नाही, तीन-चारदा. प्रत्येक वेळी मी चाल वाढवली.

मला बढती मिळाली. मी इतर जातींवर लेख लिहिले. त्या एका जातीला पुन्हा हात लावला नाही. छेदीलाल निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या कार्यक्रमात त्यांना हार घालायला मला सांगितलं, त्यांच्या जुन्या विभागाची प्रमुख म्हणून. मी घातला.

दीड वर्षाने एका शिपायाने जिन्यात सांगितलं, "मैडम, छेदीलाल नहीं रहे। पिछले इतवार को।" मी वर जाऊन खण उघडला. काड्यापेटीतल्या चिठ्ठ्यांवर पेन्सिलीचं अक्षर जसंच्या तसं होतं. पेन्सिल फिकी पडत नाही. मी दार लावून बसले आणि दुरुस्तीचं टिपण लिहायला घेतलं. एका पानाचं टिपण, त्याला मला तीन आठवडे लागले. नमुने एकत्र झालेले नव्हते. मूळ चिठ्ठ्यांवर दोन्ही ठिकाणं वेगळी नोंदलेली होती. चिठ्ठ्या लेखिकेने बदलल्या. नर त्या जातीचा नाही, हे संकलक छेदीलाल यांनी प्रसिद्धीपूर्वीच लेखिकेला सांगितलं होतं. एवढंच. छापून यायला वर्ष गेलं.

छापील पान घेऊन मी त्यांच्या गावी गेले. विटांचं घर, पुढे कडुनिंब. त्यांच्या पत्नीने ओळख विचारली. मी सांगताच त्यांचा चेहरा खुलला.

"अरे, आप बहनजी हैं! वो बहुत नाम लेते थे आपका। आइए, बैठिए।"

त्यांनी खाट टाकली, लोटाभर पाणी आणि ताटलीत गुळाचा खडा आणून माझ्यासमोर ठेवला. त्यांना वाचता येत नव्हतं. मी पान मांडीवर ठेवून त्यांना सगळं सांगितलं, माझ्या मोडक्या हिंदीत, काही न गाळता.  त्या म्हणाल्या,

"मतलब शीशी उन्होंने नहीं मिलाई थी?"

"नहीं."

"और आपको मालूम था?"

"मालूम था."

"कब से?"

"शुरू से."

त्या कडुनिंबाकडे बघत राहिल्या. "तो काहे इतने बरस हलकान रहे? आखिर तक कहते रहे, हमारे हाथ से बहनजी का काम बिगड़ गया। हम कहते, अब छोड़ो भी। नहीं छोड़े।" मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "यह कागज अब किसके लिए लाई हैं?"

 मी पाणी अजून प्यायले नव्हते. त्यांनी लोटा उचलला, गुळाची ताटली उचलली आणि आत नेली. परत आल्या तेव्हा दारातच उभ्या राहिल्या. आवाज अजिबात चढवला नाही. "अब आप जाइए, बहनजी। धूप तेज हो रही है।"

मी पान खाटेवर ठेवून आले.

सेवापुस्तकातलं माझं वाक्य रद्द करावं म्हणून मी अर्ज केला. बडे बाबू, म्हणजे आमचे हेडक्लार्क, चांगल्या शब्दांत म्हणाले, मृत कर्मचाऱ्याची फाइल बंद झाली आहे, तिच्यात आता काही घालता येत नाही आणि काही काढताही येत नाही. दुसऱ्यांदा अर्ज केला. तेच उत्तर आलं. तिसऱ्यांदा मी केला नाही.

ऊसर आता फारसं राहिलेलं नाही. विमानतळ वाढला, कुंपण पुढे सरकलं, उरलेल्या जागेवर प्लॉट पडले. मूळ चिठ्ठ्या मी निवृत्त होण्याआधी, संग्रहालयातून नमुने मागवून, परत त्यांच्या नळ्यांत घातल्या. जातीचा अधिकृत नमुना म्हणून मादीच नोंदवलेली असल्यामुळे आमच्या शास्त्राच्या नियमाप्रमाणे मी दिलेलं नाव टिकलं आणि त्यापुढे माझं आडनावही टिकलं. नाल्याकडचा नर त्याच्या स्वतःच्या जातीत गेला. आश्विनात दहा-बारा दिवस निघणारा, सडपातळ अंगाचा, लांब पायांचा तो दुसरा नर छेदीलालनंतर कोणी पाहिल्याची नोंद नाही. याद्यांमध्ये त्या जातीपुढे 'फक्त मादी ज्ञात' असं लिहिलेलं असतं.